शेवटच्या घोटापर्यंत गरम

आमच्या घरात सकाळचा चहा सगळ्यांत आधी कोण करतं आणि सगळ्यांत शेवटी कोण पितं, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे: आमची ही. मधल्या वेळात आबांना गरम पाणी लागतं, कन्येचा एक मोजा सापडत नाही, दारावरची बेल वाजते, आणि माझा चष्मा माझ्याच कपाळावर असला तरी तो तिथे आहे हे सांगायला कुणीतरी लागतंच. तोवर हिच्या चहावर साय धरते. मग ती तो थंडगार चहा काढा प्यावा तसा घटाघट संपवते. मी दर वेळी अत्यंत प्रेमानं म्हणतो, "अगं, गरम करून घे ना! त्यात काय एवढं?"

एका रविवारी मेहुणी आणि साडू आलेले असताना हा कार्यक्रम त्यांच्यासमोरच झाला. ही कप खाली ठेवून म्हणाली, "आयुष्यात एकदा तरी मला शेवटच्या घोटापर्यंत गरम चहा प्यायचाय बाई. बाकी काही नको."

म्हणाली ती हसतच, पण मला ते लागलं. इतक्या वर्षांत या बाईनं दागिना मागितला नाही, सहल मागितली नाही. मागून मागितलं काय, तर गरम चहा! मी गंभीरपणे विचार केला आणि दोष शोधून काढला. दोष कपाचा होता. फुलाफुलांचे, कागदासारखे पातळ कप. त्यांत ऊब राहणार कशी? मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "मी तुला कप करून देतो. माझ्या हातानं. जाड मातीचा, भट्टीत भाजलेला. चहाची थंड व्हायची हिंमत होणार नाही."

साडू हसले. आमच्या साडूंचं हसणं लांबलचक असतं. ते संपेपर्यंत समोरच्याला आपला चेहरा कुठे ठेवावा ते कळत नाही. हसून झाल्यावर ते म्हणाले, "साडूभाऊ, कप करताय खरे. तुम्हाला चहा तरी करता येतो का?"

हा प्रश्न विषयाला धरून नव्हता, म्हणून मी त्याचं उत्तर दिलं नाही. पण मनाशी म्हटलं, आता शेंडी तुटो की पारंबी तुटो, कप होणार.

गावाबाहेर एक बाई मातीची भांडी करतात आणि शिकवतात, असं ऐकलं होतं. आमच्या कन्येपेक्षा चार वर्षांनी मोठ्या असतील नसतील. कोपरापर्यंत माती आणि भुवया अर्ध्या जळलेल्या. मी माझी ओळख करून दिली. आवक-जावक विभागात उभं आयुष्य काढलेला माणूस आहे, हेही सांगितलं. त्याचा काही परिणाम झाला नाही.

"एक कप करायचाय," मी म्हणालो. "थोडी माती द्या."

"कुठली?"

"म्हणजे? माती ती माती."

बाईंनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "काका, आमची भट्टी लाकडावर चालते. आणि आग ऐन रंगात आली की आम्ही आत सोडा फवारतो. कपडे धुवायचाच सोडा, पाण्यात विरघळवलेला. त्याची वाफ ज्वाळेबरोबर भांड्यांवरून फिरते आणि मातीतल्या वाळूशी मिळून तिची काच होते. बाहेरून झिलई आपण लावत नाही, आग लावते. म्हणून माती कुठली आणि तिच्यावर लेप कुठला, यावरच सगळा खेळ."

लेप म्हणजे पातळ कालवलेली दुसरी माती. तिला तिथे स्लिप म्हणतात. भांड्यावर ती साईसारखी चढवायची आणि मग ज्वाळा तिच्यावर रंग खेळते. बाईंनी फळीवरचे नमुने दाखवले. "ही पांढरी माती. रंगाला सुंदर, पण नखरेल, वाळताना तडकते. ही करडी सोशिक आहे, काहीही सहन करते, पण अंगावर चांगला लेप नसेल तर मठ्ठ दिसते. ही तांबूस. हिच्यात लोह फार, सोडा बसला की काळवंडते, रुसून बसल्यासारखी." बाई मातीबद्दल बोलतायत की सुनांबद्दल, मला कळेना. शेवटी त्यांनी एक कप माझ्या हातात दिला. एका बाजूनं पांढुरका, दुसऱ्या बाजूनं, जिथून ज्वाळा गेली होती तिथे, पिकल्या संत्र्यासारखा. बघता बघता मी त्या कपाच्या प्रेमात पडलो. हिच्या हातात असाच कप गेला पाहिजे!

"याची माती कुठली आणि लेप कुठला?"

"ते मी विसरले," बाई शांतपणे म्हणाल्या.

आवक-जावक विभागातल्या माणसाला याहून मोठा धक्का देता येत नाही. इतकी सुंदर वस्तू, आणि नोंद नाही! मी ठरवलं, आपण पद्धतशीर जायचं. प्रत्येक मातीच्या छोट्या पट्ट्या करायच्या, प्रत्येकीवर वेगळा लेप, प्रत्येकीला क्रमांक. बाईंची नमुने भाजायची तशीच एक लहान भट्टी होती, तिच्यात भाजून बघायचं आणि मग मोठ्या भट्टीसाठी हमखास जोडी निवडायची.

मातीच्या गोण्या लिफ्टमधून वर आल्या आणि संबंध इमारतीला नवा उद्योग मिळाला. सगळ्यांत आधी सोसायटीचे सेक्रेटरी आले. "निवासी इमारतीत कारखाना काढता येत नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, कारखाना नाही, कप आहे. "किती कप?" "एक." "एका कपाला तीन गोण्या?" यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते ऐकायला ते तयार नव्हते. जाता जाता त्यांनी गच्चीवर पट्ट्या वाळवायला तोंडी परवानगी दिली आणि लेखी हरकत घेतली.

वरच्या मजल्यावरचे कॉन्ट्रॅक्टर म्हणाले, "माती विकत आणलीत? अरेरे! आमच्या नव्या इमारतीच्या पायात हवी तेवढी पडलीय. लालभडक, लोण्यासारखी. घेऊन जा, फुकट." शेजारी शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाई राहतात. त्यांनी सोडा या विषयावर असं काही समजावलं की त्यानंतर आठवडाभर ही मला कपडे धुवायच्या सोड्याच्या डब्याजवळ जाऊ देईना.

पट्ट्या तयार झाल्या. मी प्रत्येकीच्या पाठीवर माझ्या वळणदार अक्षरात क्रमांक घातले. ही बाजूला उभी राहून बघत होती.

"हे पुसलं नाही का जाणार?"

"अगं, पर्मनंट मार्कर आहे," मी पेनावरची अक्षरं तिला दाखवली. "पाण्यानं जात नाही, घासून जात नाही. ऑफिसात या पेनानं कपाटावर लिहिलेलं कपाट भंगारात गेलं तरी गेलं नाही."

"बरं," ती म्हणाली. आमच्या घरात 'बरं' या शब्दाइतका भयंकर शब्द नाही, पण त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं.

पट्ट्या भाजून आल्या. बाईंनी कापड उलगडलं आणि मी अक्षरशः टाळी वाजवली. एक करडी, संत्र्याच्या सालीसारखी दाणेदार. एक काळी, चकचकीत. आणि त्यांच्यात एक, नेमकी तीच, एका कडेनं पांढरी आणि दुसऱ्या कडेनं पेटलेली! मी ती उचलली आणि क्रमांक बघायला उलटी केली.

पाठ कोरी होती.

दुसरी उलटी केली. कोरी. सगळ्या कोऱ्या! बाराशे अंशांच्या वरच्या आगीत शाई टिकत नाही, ही गोष्ट पेनावर कुणी छापत नाही. लोखंड मऊ होतं तिथे पर्मनंट काय राहणार?

"काका, खिळ्यानं कोरायचं असतं," बाई ओठ दाबून म्हणाल्या. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. तुम्ही एवढे नोंदीवाले."

मी चक्क माती खाल्ली होती. पण तसं कबूल करील तो हेडक्लार्क कसला? मी म्हणालो, "मला अंदाज आहे." हे वाक्य मी बोललो नसतो तर पुढचं सगळं टळलं असतं.

ती पट्टी इमारतभर फिरली. कॉन्ट्रॅक्टर म्हणाले पांढरी माती, कारण विटा ते ओळखतात. रसायनवाल्या बाई म्हणाल्या करडी, कारण लोहाचं प्रमाण. साडू खास त्यासाठी आले. त्यांनी पट्टी जिभेला लावली, डोळे मिटले आणि म्हणाले, "तांबूस." त्यांना मातीतलं काय कळतं असं मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "आंब्याची पेटी मी वासावर घेतो." यानंतर वाद घालण्यात अर्थच उरला नाही. मी प्रत्येक शक्यतेचा एकेक कप करायचं ठरवलं. त्यातला एक तरी संत्र्याचा निघेल.

याच सुमारास बाईंना अडचण आली. भट्टीच्या धुराबद्दल कुणीतरी तक्रार केली होती आणि यंदा परवानगी घ्यावी लागणार होती. "ते माझ्यावर सोडा," मी म्हणालो. कचेरीच्या टेबलाच्या त्या बाजूला मी आयुष्य घालवलंय. या बाजूनं काय जड जाणार?

खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "काय जाळणार?"

"लाकूड."

"काय भाजणार?"

"माती."

त्यानं मान वर केली. "खायची?"

"छे हो! कप. भांडी."

"लाकडाच्या भट्टीला आमच्याकडे एकच रकाना आहे," तो म्हणाला. "बेकरी. बसवायचं असेल तर त्यात बसवा, नाहीतर नवा रकाना उघडायला वरून मंजुरी आणा." मी स्वतः कैक माणसांना नको त्या रकान्यांत बसवलेलं आहे. त्यामुळे त्याच्याशी भांडायचा नैतिक अधिकार मला नव्हता. परवाना मिळाला. बाईंची भट्टी सरकारदरबारी बेकरी झाली.

इकडे कपांची दैना चालू होती. पांढऱ्या मातीचा कप लवकर वाळावा म्हणून कॉन्ट्रॅक्टरांच्या सल्ल्यानं मी त्याच्यावर पंखा सोडला. तो उभा तडकला. तांबूस कपावर सुकल्यानंतर लेप चढवला, तर रात्रीतून त्याची सालं कांद्यासारखी सुटून खाली पडली. लेप कप ओलसर असतानाच द्यायचा असतो, म्हणजे दोघं बरोबरच आकसतात, असं बाईंनी नंतर सांगितलं. संसाराचंही तसंच असतं, असं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, पण ही शेजारी उभी होती. आणखी दोन कप सेक्रेटरींनी गच्चीची पाहणी करताना मागे सरकून सरकून पाहणी केल्यामुळे गेले. त्यांनी दिलगिरी तोंडी व्यक्त केली.

शेवटी उरला तो अगदी पहिला कप. सोशिक करड्या मातीचा, माझा हात बसण्याआधीचा, उखळासारखा जाड. आतून बाईंनी साधी पांढरी झिलई दिली, कारण सोड्याची वाफ आतपर्यंत पोचत नाही. बाहेरून, जाडीमुळे कप अजून ओलसर होता तोवरच, मी देवाचं नाव घेऊन एक लेप चढवला. कुठला ते विचारू नका. अंदाजानं.

भट्टी भरायच्या दिवशी सकाळी मी कप शालीत गुंडाळून नेला. बघतो तर साडू आधीच हजर! हातात खोका. "म्हटलं, एवढी भट्टी पेटतेय, आपलंही काहीतरी जाऊ द्या." खोक्यात बदक होतं. लालभडक, आतून पोकळ, मान वळवून बघणारं, साडूंसारखंच हसरं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात. आमच्या साडूनं बदक आणलं होतं.

तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली आणि बेकरी तपासणारे साहेब उतरले. त्यांनी बाईंना बाजूला घेतलं. "डोक्याला टोप्या कुठायत? पीठ कुठे साठवता? मालावर तारीख घालता का?" बाई त्यांना माती दाखवत होत्या आणि ते ती चिमटीत घेऊन "मैदा नाही ना?" असं विचारत होते. ही माझ्याच अर्जाची कर्तबगारी. मी खांबाआड उभा राहिलो.

या गोंधळात साडू भट्टीत वाकले आणि त्यांनी ते बदक माझ्या कपाशेजारी बसवलं. नुसतं बसवलं नाही, तर मोठ्या कौतुकानं त्याची चोच माझ्या कपाच्या कानाला टेकवली. "दोघे साडू, शेजारी शेजारी," ते म्हणाले.

साहेबांच्या खांद्यावरून बाई ओरडल्या, "काका! ते लाल काय ठेवलंत? आपल्याच गोणीतलं आहे ना? परकी माती चालायची नाही हं, वितळते!"

आता वास्तविक मला त्या मातीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पट्ट्यांची नाचक्की ताजी होती, साडू माझ्याकडे भुवई उंचावून बघत होते, साहेब बघत होते. मी बदकाकडे जाणकार नजर टाकली, नखानं टोकरल्यासारखं केलं आणि म्हणालो, "आपलीच तांबूस. शंभर टक्के."

भट्टी विटांनी बंद झाली, पेटली. लाकडं टाकताना भट्टीवाल्या बाईंच्या भुवया का जळतात हे मला कळलं. माझ्या मिशीनंही थोडा त्याग केला. सोडा फवारला तेव्हा आतून असा काही फुत्कार आला की तपासणीवाले साहेब परवान्यावर सही करून निघून गेले. घरी परतताना साडू सहज म्हणाले, "तुमच्या वरच्या कॉन्ट्रॅक्टरची माती एकदम झकास हो. लोण्यासारखी वळते."

म्हणजे बदक इमारतीच्या पायातलं होतं. आणि मी ते शंभर टक्के आपलं ठरवलं होतं.

भट्टी निवायला जे दिवस लागले ते मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. ही दोनदा विचारून गेली, "कधी उघडणार हो?" तिनं नव्या कपासाठी फळीवर जागा करून ठेवली होती. ती रिकामी जागा मी येता-जाता बघत होतो. कप बिघडला तर साडू हसतील, याचं आता काही वाटत नव्हतं. ही मात्र 'बरं' म्हणेल, आणि पुन्हा फुलाफुलांचा कप उचलेल, याचं वाटत होतं.

उघडली तेव्हा बाईंनी आधी आत डोकं घातलं. मग म्हणाल्या, "काका, बदक गेलं. तळं उरलंय."

पायातली ती लाल माती घरबांधणीला चांगली असेल, पण त्या आगीत तिचा गूळ झाला होता. बदक आधी मानेतून वाकलं असणार, मग कपाच्या कानावर ओघळलं असणार, आणि मग सगळ्याचं काळंभोर चकचकीत डबकं होऊन कपाला बुडाशी मिठी मारून बसलं. कपाचा कान संपूर्ण बुजलेला. बोट घालायला जागा नाही. बाईंनी छिन्नीनं तो भट्टीतल्या भाजक्या फळीवरून सोडवला, मशीननं बूड घासून दिलं, आणि फळीवरचे डाग खरवडायला बसल्या. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते फार जास्त लागलं. मी म्हणालो, "बाई, फळीचं नुकसान मी भरून देईन. आणि मला मातीतलं काही कळत नाही." तेव्हा कुठे त्या हसल्या. "ते मला पट्ट्यांच्या दिवशीच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "पण काका, जरा फिरवून तर बघा."

मी कप फिरवला. मागच्या बाजूनं, जिथे बदक पोचलं नव्हतं आणि ज्वाळा पोचली होती, तिथे तो पिकल्या संत्र्यासारखा पेटला होता.

पुढच्या रविवारी मेहुणी, साडू, झाडून सगळे जमले. मी कप हिच्यापुढे ठेवला तेव्हा टेबल दणकलं. साडू म्हणाले, "वा! बशीसकट!" हिनं संत्र्याच्या बाजूवरून एकदा बोट फिरवलं. मग चहा ओतला, कान नाही म्हणून कप दोन्ही हातांनी उचलला, आणि एवढं वजन उभ्यानं पेलवेना म्हणून खुर्चीत बसली.

बेल वाजली.

"अहो, बेल," ही म्हणाली. "माझे दोन्ही हात गुंतलेत."

मी उठलो. सेक्रेटरींना कसल्याशा कागदावर सही हवी होती, पेन सापडेना. परत येतो तोच आबांनी गरम पाणी मागितलं. ते ठेवून येतो तो कन्या मोज्याच्या नावानं ओरडू लागली. मोजा सोफ्याखाली होता. तो काढायला वाकलो तेव्हा चष्मा कुठे गेला ते कळेना आणि सांगायला कुणी उठलं नाही. या सगळ्या वेळात ही तो धोंडा दोन हातांत धरून, पाय वर घेऊन, खिडकीतून बाहेर बघत सावकाश चहा पीत होती. असं बसलेलं मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. शेवटचा घोट घेऊन तिनं डोळे मिटले.

"गरम आहे हो," ती म्हणाली. "शेवटच्या घोटापर्यंत."

"बदकाचा गुण!" साडू म्हणाले.

बदकाचाच. कपाची जाडी, माती, लेप, सोडा, सगळं सगळं झूट होतं, आणि इतकी वर्षं दोष फुलाफुलांच्या कपाचा नव्हता, हे मला तिथे मोजा हातात धरून उभं असताना कळलं. लाज वाटली, खरंच वाटली. मी गुपचूप खुर्चीत बसलो आणि माझा चहा जवळ ओढला. त्यावर जाड साय धरली होती.

हिनं ती पाहिली. मग अत्यंत प्रेमानं म्हणाली, "अहो, गरम करून घ्या ना! त्यात काय एवढं?"

मी उठलो, स्वयंपाकघरात गेलो, आणि तिथून हाक मारून विचारलं की चहाचं पातेलं कुठे असतं.